मनगट आणि मोगरी : फटक्याच्या इतिहासातील एक शब्दविचार

काही वर्षांपूर्वी गोल्फ या खेळाच्या एका प्राथमिक मार्गदर्शिकेचे मराठी भाषांतर भाषेच्या दृष्टीने तपासून देण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. खेळाची माहिती जवळजवळ शून्य. परंतु काम भाषेचे आहे आणि भाषेच्या कामाला विषयाची माहिती लागत नाही, असा एक सुशिक्षित भ्रम आपल्या विभागांतून अद्याप नांदत असल्यामुळे ते स्वीकारले. मार्गदर्शिकेत एक वाक्य होते: ‘चेंडूला दांडा लागण्याच्या क्षणी मनगटे फिरवा.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. कर्ता अध्याहृत, कर्म स्पष्ट, क्रियापद आज्ञार्थी. समासात मान्यतेची खूण केली आणि पुढच्या पानाकडे वळलो. वाक्य तसेच छापले गेले. पुढे शरीररचनाशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्याने ते वाचले आणि एवढेच विचारले, “मनगट फिरते का हो?”

प्रश्न वरवर खोडसाळ वाटला, पण उत्तर देता येईना. घरी येऊन कोपर टेबलावर टेकवला, दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग घट्ट आवळून धरला आणि मनगट फिरविण्याचा प्रयत्न केला. ते पुढे वाकले, मागे वाकले, अंगठ्याच्या बाजूला थोडे आणि करंगळीच्या बाजूला त्याहून अधिक झुकले. परंतु किल्लीसारखे आसाभोवती फिरले मात्र नाही. मनगटात आठ लहान हाडे दोन रांगांत बसविलेली आहेत आणि त्यांची रचना वाकण्यासाठी आहे. आपण ज्याला तळहात उलटा-सुलटा करणे म्हणतो ती क्रिया मनगटाची नसून कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांची आहे: अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून आडवे जाते, तेव्हा तळहात पालथा होतो. म्हणजे मार्गदर्शिकेतील वाक्य विद्यार्थ्याला जे करावयास सांगत होते ते त्या अवयवाकडून होणारच नव्हते. त्या वाक्यावरील मान्यतेची खूण आपली आहे, ही टोचणी हाच या लेखाचा उगम होय.

प्रश्न गोल्फपुरता असता तर या पत्रिकेची पाने अडविण्याचे कारण नव्हते. परंतु एक शारीरिक कौशल्य शब्दांत कसे पकडले जाते, आणि चुकीच्या शब्दाने ते कसे निसटते, याचा हा स्वच्छ नमुना आहे. त्याला इंग्रजीचा इतिहास आहे, तसाच मराठीचाही आहे. आणि दुसऱ्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

प्रथम नामे पाहू. इंग्रजीतील ‘रिस्ट’ हा शब्द जर्मानिक कुळातील असून त्याचे मूळ पिळणे, वळणे या अर्थाच्या धातूत आहे. त्याच कुळातील जर्मन शब्दाचा अर्थ हाताची पाठ किंवा पायाचा घोटा-पंजा यांमधील उंचवटा असाही होतो. म्हणजे इंग्रजी भाषकाच्या दृष्टीने मनगट हा नावापासूनच ‘पिळणारा’ सांधा आहे. संस्कृतात त्याच जागेला मणिबंध म्हणतात: मणी बांधण्याची जागा. येथे हालचालीचा विचारच नाही, अलंकाराचा आहे. मराठी ‘मनगट’ या शब्दाच्या पहिल्या अंशात हाच मणी पाहण्याचा मोह कोणालाही होईल. शब्दाच्या उत्तरार्धाचा समाधानकारक उलगडा त्या मोहाने होत नाही, म्हणून तो येथे आवरलेला बरा. महत्त्वाची गोष्ट व्युत्पत्तीची नसून प्रयोगाची आहे. ‘मनगटाच्या जोरावर’, ‘मनगटात बळ असणे’, ‘मनगटशाही’ हे आपले प्रयोग पाहावेत. मराठीत मनगट हे बळाचे स्थान आहे. कौशल्याचे स्थान मनगट नव्हे, हात आहे: हातोटी, हातखंडा, हात बसणे, हात वळणे. सुताराचे मनगट चांगले आहे असे आपण म्हणत नाही. सुताराचा हात चांगला आहे असे म्हणतो. ‘मनगटी फटका’ हा नाजूक, कलात्मक फटका असा अर्थ मराठीत क्रिकेटबरोबर, त्यातही आकाशवाणीवरील समालोचनाबरोबर स्थिरावला. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी घडविलेल्या त्या भाषेचे ऋण मोठे आहे. पण तिने मनगटाला एक नवे काम दिले, जे आपल्या जुन्या बोलण्यात हाताकडे होते, हे विसरू नये.

या नव्या कामाचा संबंध वंशविषयक एका कल्पनेशीही आहे. रणजितसिंहजींनी १८९६मध्ये मँचेस्टर येथे इंग्लंडकडून पहिला कसोटी सामना खेळताना ६२ आणि नाबाद १५४ धावा केल्या, तेव्हापासून त्यांच्या लेगच्या बाजूच्या फटक्याचे रहस्य ‘पौर्वात्य मनगटा’त आहे असे इंग्रजी लेखक सांगत आले. पुढे प्रत्येक शैलीदार भारतीय फलंदाजाला हेच प्रमाणपत्र मिळत गेले, आणि आपणही ते आनंदाने चौकटीत लावले. वस्तुतः रणजितसिंहजी केंब्रिजला इंग्रज व्यावसायिकांकडून तालीम घेत होते आणि मागे सरकणारा त्यांचा उजवा पाय तालमीत जमिनीशी बांधून ठेवीत, अशी कथा इंग्रजच सांगतात. पाय खिळलेला असल्यावर शरीर उरलेल्या सांध्यांतून वाट काढणारच. कथेचा तपशील किती खरा हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तिच्यात रक्ताचा वाटा कोठेच नाही, शिकवणीचा आहे. ‘पौर्वात्य मनगट’ हे विशेषण स्तुतीचे असले तरी मेहनत पुसून टाकणारे आहे, आणि म्हणून ते परत करणे उचित होय.

गोल्फचा हिंदुस्थानातील प्रवेश फार जुना. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ सालचा. मुंबईचा १८४२ सालचा. मुंबईचा तो पहिला क्लब पुढे अस्तंगत झाला. आजच्या मुंबईतील विलिंग्डन क्लब १९१८चा आणि चेंबूरचा प्रेसिडेन्सी क्लब १९२७चा. हा खेळ छावणी आणि कलेक्टर-कचेरीच्या आसपास राहिला. खानदेशात त्याची परंपरा नाही, आणि खानदेशातून बाहेर पडणाऱ्याला त्याची पहिली गाठ नाशकात पडते तीही केवळ नावाने. नाशकातील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला गावकरी अजून ‘गोल्फ क्लब’ म्हणतात. २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या तरुणाचे नाव फलकावर, आणि जॅक्सनच्या जमातीच्या खेळाचे नाव लोकांच्या जिभेवर! स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्याने अशा ठिकाणी न्यायनिवाडा करू नये, नोंद करावी.

आता खेळाच्या मूळ भूमीत मनगटाविषयी काय समज होते ते पाहू. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी गोल्फच्या दांड्याची काठी हिकरी नावाच्या लाकडाची असे. फटका मारताना ती वाकते तशी पिळलीही जाते, त्यामुळे दांड्याचे डोके मागे राहते आणि खेळाडूला हात फिरवून ते वेळेवर सरळ आणावे लागते. तेव्हाच्या शिक्षकांनी हातांच्या फिरण्यावर भर दिला तो साधनामुळे. जर्सी बेटावरचा हॅरी वार्डन हा त्या काळचा अग्रणी. त्याने १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश खुली स्पर्धा सहा वेळा जिंकली; हा विक्रम अद्याप त्याच्याच नावावर आहे. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर चढविण्याची मूठ त्याच्या नावाने ओळखली जाते. ती त्याने शोधली नाही, रूढ केली. तिचा हेतू दोन्ही हातांना एका हातासारखे वागावयास लावणे हा होता. १९२९मध्ये सेंट अँड्र्यूज येथील नियामक क्लबने पोलादी काठीला मान्यता दिली. पोलाद फारसे पिळले जात नाही. म्हणून हिकरीसाठी शिकलेले हात पोलादावर अतिरेक करू लागले आणि चेंडू डावीकडे पळू लागला. साधन बदलले होते, उपदेश मात्र पूर्वीचाच राहिला होता. भाषेच्या इतिहासात असे नेहमी घडते. वस्तू जाते, शब्द मागे राहतो, आणि तो नव्या वस्तूला जुने गुण चिकटवीत बसतो.

या संक्रमणाचा सर्वांत प्रसिद्ध बळी आणि सर्वांत चिकाटीचा चिकित्सक अमेरिकेचा बेन होगन होय. डावीकडे वळणाऱ्या चेंडूने त्याची कारकीर्द कित्येक वर्षे रोखून धरली होती. १९४९च्या मोटार अपघातातून वाचल्यावर पुढच्याच वर्षी त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली आणि १९५३मध्ये एकाच वर्षी तीन प्रमुख स्पर्धा जिंकल्या. त्याचे ‘रहस्य’ १९५५मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने छापले, आणि १९५७च्या त्याच्या पाच धड्यांच्या पुस्तकात त्याचा विस्तार आला. दोन्ही ठिकाणी होगन मनगटाविषयीच बोलतो; पण कसे बोलतो ते पाहण्यासारखे आहे. ‘मनगट वापरा’ अशी ढोबळ आज्ञा त्याला पुरत नाही. दांडा मागे नेताना डावा हात पालथा होतो, शिखरावर डावे मनगट किंचित मागे मोडते, चेंडूला भिडताना तोच हात उताणा होऊ लागतो आणि मनगटाचे हाड लक्ष्याच्या दिशेने पुढे येते. त्याने वापरलेले शब्द शरीरशास्त्रातील लॅटिन शब्द आहेत. इंग्रजीतील बोलीभाषेत त्याला हा भेद करता आला नाही, म्हणून त्याला वैद्यांकडे जावे लागले.

आणि येथे मराठी वाचक थबकावयास हवा. कारण होगनने ज्या दोन क्रियांसाठी लॅटिनचा आधार घेतला त्यांना मराठीत घरोघरचे दोन शब्द आहेत: उताणा आणि पालथा. तीर्थ घेताना हात उताणा असतो, आणि पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचे वैफल्य शिक्षकवर्गाला निराळे सांगावयास नको. मराठी माणसाला हाताची ही जोडी शिकविण्यासाठी कोणत्याही परिभाषा-समितीची बैठक बोलवावी लागत नाही. तरीही मार्गदर्शिकेच्या भाषांतरकाराने ‘फिरवा’ लिहिले आणि तपासनिसाने ते मान्य केले. इंग्रजीची उणीव आपण भाषांतरात जशीच्या तशी उचलली. स्वतःची संपत्ती मात्र घरीच राहिली.

ही संपत्ती केवळ दोन शब्दांची नाही. ज्या धुळ्यात वि. का. राजवाडे यांनी १९२६च्या अखेरच्या दिवशी देह ठेवला आणि जेथील मंडळाने त्यांचा मराठी धातुकोश पुढे प्रसिद्ध केला, त्या प्रदेशात राहणाऱ्याने धातूंकडे थोडे अधिक लक्ष दिले पाहिजे. हाताच्या सांध्यांच्या क्रियांसाठी मराठीत किती क्रियापदे आहेत याचा अंदाज स्वयंपाकघरात आणि खळ्यावर उभे राहिल्यानेच येतो. धुतलेले लुगडे पिळताना दोन्ही हात परस्परविरुद्ध दिशांना पालथे-उताणे होतात. मनगटे जवळजवळ स्थिर असतात. भाकरी उलथताना हात उलथण्यासकट पालथा होतो. ओले हात झटकताना मनगट पुढे-मागे मोडते. धान्य पाखडताना सूप दोन्ही हातांत असते आणि मनगटांच्या छोट्या, अचूक उसळीने दाणा मागे राहून फोल पुढे जाते. ज्याला ही उसळी साधली नाही त्याच्या सुपातून दाणाही जातो. खिळा ठोकताना मनगट अंगठ्याकडे मोडून पुन्हा करंगळीकडे येते. कुऱ्हाड, कुदळ, घण यांचेही तसेच. या क्रियापदांपैकी एकही दुसऱ्याच्या जागी घालता येत नाही. ‘फिरविणे’ मात्र सगळ्यांच्या जागी घालता येते, आणि म्हणूनच ते काही सांगत नाही.

शास्त्रीय परंपरेतही हा भेद अनोळखी नव्हता. भरताच्या नाट्यशास्त्रात हस्तांच्या विवेचनानंतर चार करणे सांगितली आहेत: आवेष्टित, उद्वेष्टित, व्यावर्तित आणि परिवर्तित. तर्जनीपासून आरंभ करून बोटे क्रमाने आत वळतात ते आवेष्टित, बाहेर उलगडतात ते उद्वेष्टित. करंगळीपासून आत वळतात ते व्यावर्तित आणि बाहेर जातात ते परिवर्तित. कोणत्या बोटाने आरंभ करावयाचा हे सांगितले की मनगट आणि कोपराखालचा भाग कसा जाईल ते आपोआप ठरते. सांध्याला आज्ञा न देता टोकाला आज्ञा देण्याची ही रीत कोणत्याही तालमीच्या वस्तादाला पटेल.

गोल्फच्या फटक्यात हिशेबाची क्रिया कोणती, याचा निर्णय अखेर पदार्थविज्ञानाने दिला. ब्रिटनमध्ये गोल्फ सोसायटीच्या आश्रयाने काही शास्त्रज्ञांनी फटक्याचा अभ्यास केला आणि कॉक्रन व स्टॉब्स यांचे त्यावरील पुस्तक १९६८मध्ये निघाले. त्यांनी फटक्याची कल्पना दुहेरी लंबकाच्या रूपाने मांडली: खांद्यापासून हातांपर्यंत एक दांडा, हातांपासून चेंडूपर्यंत दुसरा, आणि मध्ये मनगट ही बिजागरी. खाली येताना बिजागरीचा कोन जितका वेळ टिकेल तितका बाहेरचा दांडा शेवटी वेगाने उघडतो. तो उघडण्यासाठी मनगटाने मुद्दाम जोर लावावा लागतो असे नाही. हातांचा वेग मंदावू लागतो आणि बाहेरचा दांडा स्वतःच्या गतीने पुढे फेकला जातो. चेंडू आणि दांडा यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढाच असतो. वरून खाली येण्यालाही पाव सेकंदाहून अधिक वेळ लागत नाही. ‘चेंडूला दांडा लागण्याच्या क्षणी’ मनगटाला काही करावयास सांगणे म्हणजे वीज चमकत असताना तिला दिशा दाखविण्यासारखे आहे. आमच्या वाक्यात क्रियापद चुकले होते, हे स्नेह्याने दाखविले; कालवाचक पदही चुकले होते, हे कॉक्रन-स्टॉब्स यांनी दाखविले. शाबूत राहिले ते केवळ विरामचिन्ह.

ज्यांनी ज्वारीच्या राखणीला गोफण फिरविली आहे त्यांना या दुहेरी लंबकाचे नवल वाटू नये. गोफणीचा एक पदर बोटात अडकविलेला, दुसरा चिमटीत. दगड मागे राहतो, हात पुढे जातो, हात थबकतो आणि दगड सुटतो. मनगटाने दगड फेकावयाचा नसतो, त्याच्या आड यावयाचे नसते.

फटक्याच्या आपल्या इतिहासात मनगटाच्या वागणुकीची दोन टोके आहेत. एक टोक पट्ट्याचे. पट्ट्याची मूठ आडवी असून ती लोखंडी खोबळ्यात असते आणि खोबळा कोपराखालपर्यंत हात झाकतो. त्यामुळे मनगट पूर्णपणे बंद होते. पट्टेकरी वार करतो तो कोपर, खांदा, कंबर आणि उडी यांनी; पाते लांब व लवचिक असते, आणि मनगटाची लवचिकता जणू पोलादाकडे सोपविलेली असते. याच दांडपट्ट्याला महाराष्ट्र शासनाने २०२४मध्ये राज्यशस्त्राचा मान दिला. मनगटाच्या जोराविषयी इतक्या म्हणी असलेल्या भाषेचे राज्यशस्त्र मनगट बंद करणारे असावे, यात थोडी गंमत आहे. दुसरे टोक मुद्गलांचे. मुद्गल किंवा करेला फिरविताना मनगट पूर्ण मोकळे लागते, अन्यथा पाठीमागची फेरी पुरी होत नाही. कंपनीच्या सैन्यातील इंग्रजांनी हा व्यायाम येथे पाहिला आणि उचलला. डोनाल्ड वॉकरच्या १८३४च्या इंग्रजी व्यायामपुस्तकात तो आला. सिम केहो याने १८६६मध्ये अमेरिकेत त्यावर स्वतंत्र पुस्तक काढले. १९०४मध्ये सेंट लुई येथील ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरविण्याची स्पर्धा झाली, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये गोल्फही खेळला गेला. त्यानंतर मुद्गल १९३२मध्ये एकदा परत आले आणि गेले; गोल्फ २०१६मध्ये परतला, आणि टोकियोत २०२१मध्ये झालेल्या स्पर्धेत उदयन माने हा मराठी नावाचा खेळाडू भारताकडून उतरला. मुद्गलाच्या फेऱ्यांची मराठी माहिती हवी असल्यास बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत सिद्ध केलेल्या व्यायामज्ञानकोशाकडे जावे. आपल्या ग्रंथालयांतून तो ‘संदर्भ’ या शिक्क्याखाली निवांत पडून असतो.

तथापि या सर्वांत गोल्फच्या सर्वांत जवळचा आपला खेळ विटीदांडू होय, आणि भाषाशास्त्रज्ञाला त्याची ओढ दुहेरी आहे. विटीच्या अणकुचीदार टोकावर दांडूने हलकेच टिचकी मारून ती उडवावयाची आणि हवेत असतानाच टोला हाणावयाचा: एकाच श्वासात दोन निराळी मनगटे लागतात. टिचकीला मनगट करंगळीकडे झटकून लगेच थांबते. टोल्याला तेच मनगट मागे राहते आणि हाताच्या मागून येते. गल्लीवर आडवी ठेवलेली विटी कोलताना तिसरेच मनगट, कारण तेथे दांडू खालून जातो आणि हात उताणा होत वर येतो. ज्या मुलाने टिचकीच्या मनगटाने टोला मारला त्याची विटी चार पावलांवर पडते, आणि खेळगडी त्याला पुस्तकाशिवाय सुधारतात.

याच खेळात मोजणीचे ते विलक्षण शब्द आहेत: वकट, लेंड, मूंड, नाल. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत ते चालत आले आहेत. चौथ्यानंतर गावोगावी क्रम आणि रूपे ढिली होतात. हे निरर्थक बोल नव्हेत. तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. आरंभीच्या ओकारापूर्वी वकार येणे आणि रकाराचा लकार होणे यांत विशेष काही नाही. निर्णायक साक्ष तिसऱ्या शब्दाची. आजच्या तेलुगूत मूडु असले तरी जुन्या रूपात तेथे अनुनासिक होते, आणि ते आपल्या मूंडमध्ये टिकून आहे. कन्नडातील ओंदु, एरडु, मूरु यांच्याशी ही माळ जुळत नाही. म्हणून तिला सरसकट ‘कानडी’ म्हणण्याची सवय सोडली पाहिजे. पुढे जो ‘आर’ ऐकू येतो तो द्राविडी सहाचा अंक दिसतो, आणि तो काही ठिकाणी पाचाच्या जागी बसला आहे. मधला पाच गळाला की सहाशी एकरूप झाला, याविषयी मतभेदाला जागा आहे.

हे अंक केवळ मोजण्यासाठी नव्हते, ही गोष्ट आपल्या विषयाला अधिक जवळची. प्रत्येक अंकाला विटी ठेवण्याची निराळी जागा असे: पावलावर, बोटांवर, मुठीवर, डोळ्यावर, कोपरावर. जागांचा क्रमही सर्वत्र एक नाही. पण तत्त्व एक आहे: अंक बदलला की हाताची ठेवण बदलते, आणि ठेवण बदलली की मनगटाला निराळे काम पडते. कोणाच्या तरी भाषेतील एक-दोन-तीन येथे फटक्यांची नावे होऊन बसले. ज्या मुलांना त्या अंकांचा अर्थ माहीत नव्हता त्यांनी त्यांना नवा अर्थ दिला, आणि तो अर्थ हाताच्या सांध्यांत साठविला. लेखी पुराव्याच्या शोधात असलेल्या इतिहासकाराने खेळाच्या गल्लीतही वाकून पाहावे असे वाटते ते यासाठी. आज पिंप्राळ्याच्या ज्या मोकळ्या जागांवर प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी वकट-लेंड ऐकू येई तेथे घरे उभी राहिली आहेत; गाव जळगाव शहरात मिसळून गेले आहे. शब्द ऐकलेले आहेत ते चाळिशी ओलांडलेल्यांनी. त्यांच्याकडून हात कसा धरावयाचा हे शब्दांबरोबरच टिपून घेतले नाही, तर मागे उरतील ते केवळ चार तेलुगू अंक, आणि ते तर तेलुगूत आहेतच.

पिंप्राळ्याचा उल्लेख आलाच आहे, तर रथाची गोष्ट सांगितली पाहिजे. आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. रथ माणसे ओढतात. त्याला वळविण्याचे आणि थांबविण्याचे काम मात्र मोगरीचे. मोगरी म्हणजे लाकडी ठोकळा. फिरत्या चाकाखाली ती योग्य क्षणी सारली की चाक अडते किंवा रथ तिरपा होतो. जळगावच्या कार्तिकातील रथालाही तीच योजना. शब्द म्हणून मोगरीची कुळी थोर आहे. संस्कृत मुद्गर, प्राकृत मोग्गर, आणि तेथून मराठी मोगर, मोगरी: ठोकण्याचा, बडविण्याचा दांडा. तालमीतील मुद्गल हे त्याच मुद्गराचे दुसरे रूप, आणि सुगंधी मोगऱ्याचे नावही त्याच घरातले. गोल्फच्या ‘क्लब’ला मराठी प्रतिशब्द हवा असेल तर मोगरीइतका सरळ वारस दुसरा नाही. अर्थात तो कोणी स्वीकारील अशी आशा बाळगण्याचे कारण नाही.

मार्गदर्शिकेचे वाक्य डोक्यात घोळत असताना एका आषाढीला, मोगरी लावण्यात आयुष्य गेलेल्या एका वृद्ध गृहस्थांना गाठले आणि शहाण्यासारखा प्रश्न केला: “दाजी, मोगरी लावताना मनगट कसं ठेवता?” त्यांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिले, जणू तेथे मनगट आहे हे प्रथमच लक्षात येत होते. मग म्हणाले, “मनगटाचं काय ठावं नाही, भाऊ. चाकानं मोगरी घेतली का हात सोडाचा. आधी सोडला त मोगरी निसटते, मागून सोडला त हात जातो.”

त्या उत्तरात मनगट नाही, फिरविणे नाही, क्षणाचे नाव घेऊन दिलेली आज्ञाही नाही. आहे ते चाकाचे वागणे, आणि त्याला मिळणारा हात. वार्डनपासून होगनपर्यंत आणि होगनपासून कॉक्रन-स्टॉब्सपर्यंत जो शब्द शोधला गेला तो दाजींना लागला नाही, कारण त्यांना तो कोणाला पत्राद्वारे शिकवावयाचा नव्हता. शिकणारा शेजारीच उभा असे. अडचण आपली आहे. आपण कौशल्य कागदावरून देऊ पाहतो, आणि कागदावर हात नसतो.

मार्गदर्शिकेची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ते वाक्य बदलण्याची संधी मिळाली. आता तेथे असे आहे: ‘दांडा मागे नेताना डावा हात पालथा होऊ द्या आणि मनगट अंगठ्याकडे मोडू द्या. खाली येताना ते मोडलेलेच राहू द्या. दांडा ते स्वतः उघडील, आणि चेंडूच्या पुढे जाता जाता हात उताणा होईल.’ एका वाक्याची तीन झाली म्हणून प्रकाशकाने थोडी कुरकुर केली. शरीरशास्त्राच्या स्नेह्यांना ते वाचून दाखविले. त्यांनी स्वतःचा डावा हात हवेत दोनदा पालथा-उताणा करून पाहिला आणि म्हणाले, “ठीक आहे. आता खेळणाऱ्याला विचारा.”